आमची वाटचाल : वॅक्सचा डबा उघडण्याआधी

गाड्या धुऊन चमकवण्याच्या आमच्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षी गाडी धुऊन पुसून होते न होते तोच आम्ही वॅक्सचा डबा उघडत असू. गिऱ्हाईक समोर उभे असे, त्याला चमक हवी असे, आणि वॅक्स लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ती दिसतही असे. मी, माझा भागीदार, दोन बादल्या, एक प्रेशर पंप आणि एका गाडीपुरती भाड्याची जागा एवढ्यावर उभ्या केलेल्या या धंद्यात ‘रंगाची तयारी’ म्हणून काही वेगळे काम असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. आज आमच्याकडे सहा माणसे काम करतात आणि एका गाडीवर आठ तास गेले, तर त्यांतला वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप) लावण्याचा वेळ जेमतेम पाऊण तासाचा असतो. बाकीचे सव्वासात तास कुठे जातात, हे आम्ही चुका करत शिकलो.

पहिली चूक एका काळ्या गाडीच्या रूपाने परत आली. वॅक्स करून तीन आठवडेही झाले नव्हते, पण बॉनेटवर पडलेले पाणी थेंब न धरता पसरू लागले होते. मालक सभ्य होते, त्यांनी एवढेच विचारले, “वॅक्स लावले होते ना?” आम्ही दोष वॅक्सला दिला आणि कंपनी बदलली, मग पुन्हा एकदा बदलली. शेवटी डेंटिंग-पेंटिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या एका पेंटरकाकांनी नुकत्याच धुतलेल्या गाडीपाशी मला उभे केले, खिशातून पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, माझ्या हातात चढवली आणि म्हणाले, “आता हळूच फिरव.” उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा तोच पत्रा पिशवीतून बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला. प्लॅस्टिक आणि रंग यांच्यातले घर्षण कमी असल्यामुळे बोटांना एरवी न कळणारा कणन् कण जाणवतो, हे त्या दिवशी समजले. आम्ही इतके दिवस रंगाला नव्हे, तर रंगावर बसलेल्या मळाला वॅक्स लावत होतो.

हा मळ शांपूने निघत नाही. ब्रेक लावताना सुटणारे लोखंडाचे तापलेले कण क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततात आणि तिथेच गंजतात. खालच्या पट्टीवर डांबराचे ठिपके असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर चीक असतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि क्रमही ठरलेला आहे. धुणे झाल्यावर आधी डांबर विरघळवायचे आणि मग लोखंड काढणारे द्रव्य फवारायचे, कारण डांबराच्या थराखाली दडलेल्या कणापर्यंत ते द्रव्य पोहोचत नाही. त्यात थायोग्लायकोलेट नावाचे रसायन असते, जे लोखंडाशी संयोग होताच जांभळे पडते. (केस कुरळे करण्याच्या औषधात हेच रसायन वापरतात, आणि वासही तसाच नकोसा असतो, आमच्याकडे काम करणाऱ्या मुलांनी त्याला ‘पार्लर’ असे नाव ठेवले आहे.) पांढऱ्या गाडीच्या दारांवरून जांभळे ओघळ वाहू लागले की मालकांचा चेहरा उतरतो, म्हणून ते आधीच सांगून ठेवावे लागते. पत्रा तापलेला असताना हे काम करायचे नाही आणि द्रव्य पत्र्यावर सुकू द्यायचे नाही, हे दोन नियम मात्र कधीही मोडत नाहीत.

त्यानंतर उरलेले काढायला क्ले बार, म्हणजे मळ ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, लागतो. तळहाताच्या अर्ध्या भागात मावेल एवढा गोळा घेऊन तो मळायचा, चपटा करायचा, पत्र्यावर भरपूर निसरडे द्रव फवारायचे आणि गोळा वजन न देता सरळ रेषेत पुढेमागे न्यायचा. सुरुवातीला तो अडखळतो, बारीक खरखर ऐकू येते. मग आवाज थांबतो आणि तो आपोआप सरकू लागतो. तेव्हा तो भाग झाला असे समजायचे. गोळ्यावर काळसर थर दिसताच घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. एका नव्या मुलाच्या हातून गोळा जमिनीवर पडला, त्याने तो पँटला पुसला आणि दरवाजा पूर्ण केला. उजेडात पाहिले तर दरवाजावर समांतर चऱ्यांची रांगच उमटली होती. तो दरवाजा आम्ही स्वखर्चाने पॉलिश केला. तेव्हापासून क्ले जमिनीला लागली की ती नवी असली तरी कचऱ्यात जाते, आणि टाकणाऱ्याला कोणीही बोलत नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याहून महत्त्वाचे आहे, कारण बोलणी खावी लागणार असतील तर मुले गोळा गुपचूप उचलतात.

यापेक्षा महागात पडली ती पॉलिशची, म्हणजे क्लिअर कोट किंचित घासून चरे घालवण्याच्या कामाची, घाई. पॉलिशची मऊ चकती (पॅड) जागच्या जागी गरगर फिरवणारी जुनी रोटरी मशीन हाती आल्यावर आम्हाला आपण कारागीर झालो असे वाटू लागले होते. एका गाडीच्या पुढच्या मडगार्डच्या कडेवर माझ्याच हातून पॅड क्षणभर जास्त टेकले आणि क्लिअर कोट उडून खालचा रंग पॅडला लागला. मडगार्ड नव्याने रंगवून द्यावे लागले. क्लिअर कोट सर्वसाधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या निम्म्याच्या आसपास, आणि कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा रंगाचा सगळा थर मिळून बहुधा 100 ते 150 मायक्रॉन भरतो. त्यातही कडांवर ओला रंग मागे सरकल्यामुळे थर आणखी पातळ राहतो, आणि नेमका तिथेच पॅडचा सगळा दाब एकवटतो. हे कळल्यावर आम्ही दुसरी मशीन घेण्याआधी जाडी मोजण्याचा गेज घेतला. एखाद्या पॅनेलवर 300 आकडा दिसला तर ते पुन्हा रंगवलेले असते, आणि आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी असते. साध्या गेजला प्लॅस्टिकच्या बंपरवरचा थर मोजता येत नाही, तिथे हात आखडताच ठेवावा लागतो.

आता कडांना मास्किंग टेप लागते आणि काम ड्युअल अॅक्शन मशीनवर होते, ज्यात पॅड फिरता फिरता थरथरतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. प्रत्येक गाडीवर आधी दीड फूट लांबीरुंदीचा तुकडा घेऊन सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश करून पाहतो. तेवढ्याने भागले नाही तरच पुढची पायरी. सगळेच ओरखडे काढायचे असतात असेही नाही. जिथे नख अडते तो चरा मी घालवण्याच्या नादी लागत नाही, कारण त्यासाठी खरवडलेला क्लिअर कोट परत येत नाही.

पॉलिशनंतरचा सापळा कळायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. एक गडद निळी गाडी संध्याकाळी आरशासारखी दिसत होती. आम्ही खुशीत सीलंट लावले. दोन धुलाया होताच गोल गोल चरे जागच्या जागी परत दिसू लागले. पॉलिशमधले तेल चऱ्यांत भरून बसले होते, आणि सीलंट रंगाला न चिकटता त्या तेलावर बसले होते. तेव्हापासून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास मिसळून प्रत्येक पॅनेल पुसून घेतो, एका मायक्रोफायबरने पुसायचे आणि दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचे. मग तिरप्या धरलेल्या टॉर्चच्या उजेडात जे दिसते तेच आपले खरे काम, आणि ते पाहून मशीन पुन्हा हातात घेण्याची वेळ आजही अधूनमधून येते. कार्नोबा वॅक्स (एका ताडाच्या पानांपासून मिळणारे नैसर्गिक मेण) थोडेफार तेल खपवून घेते. पॉलिमरच्या सीलंटला मात्र उघडा, कोरा रंग हवा असतो, आणि लावल्यावर काही तास कोरडेपणा हवा असतो.

या सगळ्यामुळे काही गिऱ्हाइके गेली. तासाभरात चमकवून देणारे इतर लोक असताना गाडी दिवसभर ठेवा म्हणणे ऐकायला बरे वाटत नाही. नुकतीच रंगवलेली गाडी तर आम्ही परतच पाठवतो, कारण गॅरेजमध्ये दिलेल्या ताज्या रंगातील सॉल्व्हंट (रंग पातळ करणारे द्रव) उडून जायला 30 ते 90 दिवस द्यावे असे सांगितले जाते. समजावून सांगण्यात आम्ही फारसे यशस्वी झालो नाही. अखेर भागीदाराने बॉनेटच्या मधोमध टेप लावून अर्धा भाग तयार करण्याची आणि गिऱ्हाइकाच्याच हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून दोन्ही बाजूंवरून फिरवायला देण्याची पद्धत काढली, आणि बोलणे बरेच कमी झाले.

पक्ष्यांच्या विष्ठेने क्लिअर कोटमध्ये पाडलेला खड्डा किंवा उन्हात वाळलेल्या क्षारयुक्त पाण्याचे खोल गेलेले वलय यांपुढे आमचे अजूनही चालत नाही. वरवरचे क्षार सौम्य आम्लाने सुटतात, आत शिरलेले राहतात. म्हणून गाडी देतानाच्या कागदावर ‘न निघालेले डाग’ असा एक रकाना आहे, आणि तो सीलंटच्या आधी, मालकांच्या देखत भरला जातो. कालच्या गाडीच्या कागदावर त्यात एवढेच लिहिले होते : उजवा मागचा दरवाजा, हँडलच्या खाली चार बोटे, एक.