पाठमोऱ्यांची वाट

पटनीला थेम्सच्या काठावर पोचलो तेव्हा सकाळचे साडेपाच वाजले होते. ओहोटी सरत आली होती. नदी पार खाली उतरली होती आणि एरवी पाण्याखाली असणारे गोटे, चिखल, एक मोडकी खुर्ची, सगळं उघडं पडलं होतं. “मावशी, जपून गं, शेवाळ आहे,” एवढं म्हणून भाची क्लबच्या दारातून आत पळालीसुद्धा. उतारावर माझ्याआधी एक जण येऊन बसली होती. चॉकलेटी लॅब्रेडॉर, तोंडाभोवती पांढरी झालेली, पुढचे पाय किंचित फाकवलेले, तोंड नदीकडे. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, शेपूट दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा नदीकडे बघायला लागली.

तिचं नाव टिली. लंडनच्या आठ दिवसांत राजवाडा झाला, संग्रहालयं झाली, पण परत आल्यावर डोळे मिटले की मला हीच दिसते. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

पटनीच्या या काठावर रोइंगचे, म्हणजे वल्ही मारून होड्या पळवण्याच्या खेळाचे, क्लब एकाला एक लागून उभे आहेत. लंडन रोइंग क्लब १८५६ चा, थेम्स रोइंग क्लब १८६० चा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची प्रसिद्ध शर्यत इथूनच सुटते आणि ती सुटण्याची जागा दाखवणारा एक दगडही काठावर आहे. तळमजल्यावर होड्या एकावर एक निजवून ठेवलेल्या असतात. आठ जणींनी ‘एट’ खांद्यावर घेतली, नववी म्हणजे होडीची दिशा सांभाळणारी कॉक्स, ती हाळ्या देत पुढे, आणि ती सतरा-अठरा मीटर लांबीची होडी दारातून अशी अलगद बाहेर आली की मी श्वास रोखून बघत राहिले. थेम्स टेडिंग्टनपर्यंत समुद्राच्या भरती-ओहोटीने वरखाली होते, त्यामुळे पाण्याची कड तासातासाला जागा बदलते. मुली गमबूट घालून सरळ पाण्यात उतरतात, होडी पाण्यावर ठेवतात, एकेक जण आत बसते आणि गमबूट काठावरच राहतात. त्या सकाळी उतारावर नऊ जोड होते. होडी सुटली तशी टिली उठली, त्या बुटांपाशी गेली, एकदोन हुंगले आणि त्यांच्या मधोमध बसली.

या खेळात एक गोष्ट आहे, ती काठावर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. वल्ही मारणारे उलटे बसतात. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला त्यांची पाठ असते आणि तोंड मागे सुटलेल्या काठाकडे. पुढचं दिसतं ते फक्त कॉक्सला. म्हणजे भाची निघाली तेव्हा ती टिलीला बघत बघतच दूर गेली. वल्ही पाण्यात, वल्ही बाहेर, आणि समोर लहान लहान होत जाणारी चॉकलेटी आकृती. परतताना उलट. येणाऱ्या आठही जणी पाठमोऱ्या. टिलीला त्यांचे चेहरे दिसत नाहीत आणि त्यांना टिली दिसत नाही.

“मग तिला कळतं कसं, आपली होडी कुठली ते?” मी बोटमनना विचारलं. क्लबच्या होड्यांची डागडुजी बघणाऱ्या माणसाला तिथे बोटमन म्हणतात, आणि टिली त्यांची. साठीचे असतील, बोलणं हळू.

“आवाजावरून. प्रत्येक क्रूची वल्ही वेगळी वाजतात,” ते म्हणाले. “मला नाही कळत. तिला कळतं.”

गमबुटांची गोष्टही त्यांनीच सांगितली. टिली दोन वर्षांची होती तेव्हा एका सकाळी भरती जोरात आली, कुणाचं लक्ष नव्हतं आणि तिच्या डोळ्यांदेखत चार जोड वाहून गेले. ती पाण्यात शिरली, एक बूट तोंडात धरून आणला, दुसऱ्यासाठी परत गेली, पण बाकीचे तोवर लांब गेले होते. तेव्हापासून पाणी पहिल्या बुटाला लागलं की ती भुंकते. आतून कुणीतरी येऊन बूट वर सरकवेपर्यंत भुंकत राहते. “कुणी शिकवलं नाही,” ते दोनदा म्हणाले. मी ते त्याच दिवशी बघितलं. पाणी हळूहळू वर चढलं, एका निळ्या बुटाच्या टाचेला शिवलं, आणि टिलीने एकच खणखणीत आवाज दिला. तिची नजर मात्र दाराकडे नव्हती, बुटावर होती. मीच पुढे होऊन नऊ जोड उचलून वर ठेवले. आधी तिने ते सगळे पुन्हा हुंगून घेतले, मगच बसली.

क्लबात कुत्रे का असतात, हा प्रश्न मला पडला होता, कारण होडीत त्यांना जागाच नाही. स्पर्धेतली एकट्याची होडी नियमाने निदान १४ किलोची असावी लागते, आठ जणांची ९६ किलोची. एवढ्या लांबीला हे वजन काहीच नाही. कार्बन फायबरचं ते कवच इतकं पातळ की पाऊल ठेवायची जागासुद्धा ठरलेली असते. तीस किलोच्या लॅब्रेडॉरने त्यात उडी मारली तर होडीही जाईल आणि आतली माणसंही. तरीही त्या आठ दिवसांत मी काठावर डझनभर तरी कुत्रे बघितले. कोचच्या मोटरबोटीत नारिंगी लाइफ जॅकेट घालून पुढे उभा असलेला एक टेरियर, त्या जॅकेटच्या पाठीवर पिशवीच्या बंदासारखा बंद, म्हणजे पाण्यात पडला तर धरून वर ओढता येतो. सायकलवरून ओरडत जाणाऱ्या कोचच्या बरोबरीने पळणारा एक काळा-पांढरा बॉर्डर कोली. पहाटे साडेपाचला, थंडी-पावसात, हात सोलून निघालेले असताना रोज येणाऱ्या माणसांना कुणीतरी आनंदाने उड्या मारत भेटावं, याची किंमत मोजता येत नाही. भाची म्हणाली, “शर्यत हरून आलो ना, की सगळे काही ना काही समजावतात. टिली फक्त पाय चाटते.”

तिसऱ्या दिवशी बोटमननी टिलीची दोरी माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघी नदीकाठच्या वाटेने हॅमरस्मिथच्या पुलापर्यंत चालत गेलो. पूर्वी घोडे याच वाटेने मालाच्या होड्या ओढून नेत. आता झाडांची दाट सावली, सायकलस्वार आणि पलीकडच्या तीरावर फुलहॅमचं फुटबॉल मैदान. विद्यापीठांची शर्यत हीच वाट डावीकडे ठेवून पुढे मॉर्टलेकपर्यंत जाते, एकूण ६.८ किलोमीटर, तीही भरतीच्या पाण्याबरोबर, नदीच्या वरच्या अंगाला. पहिली शर्यत १८२९ सालची, पण ती थेम्सकाठच्याच हेन्ली गावाला झाली होती. टिलीला यातलं काही नको होतं. तिला प्रत्येक होडीपाशी थांबायचं होतं. वल्हं कडीत फिरताना जो घट्ट ‘खट्’ आवाज होतो, तो आठ जणींचा एकदम आला की तिचे कान वर जायचे. विस्कळीत आला की ती लगेच पुढे चालायला लागायची. माझी समजूत अशी की तिला चांगलं रोइंग कळतं.

हॅमरस्मिथहून परत आल्यावर बोटमननी तिला नळाखाली धरून पोट, पंजे, कान स्वच्छ धुतले. हे रोजचं. थेम्सच्या पाण्यात मैलापाणी मिसळतं. २०२४ च्या शर्यतीआधी पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जंतू जास्त सापडला, तेव्हा जिंकल्यावर कॉक्सला पाण्यात फेकायची जुनी प्रथाही टाळायला सांगितलं होतं. उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती खेळाडूंना असते तशी कुत्र्यांनाही, म्हणून टिलीची लस दरवर्षी चुकत नाही. साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ धरतं, ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तळ्यावरच्या क्लबांना त्या दिवसांत कुत्र्यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ज्यांच्या जिवावर क्लब हसतो, त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं, असं मला वाटतं.

हेन्लीला आम्ही रेगाटाच्या, म्हणजे तिथल्या होड्यांच्या शर्यतींच्या, दिवसांत गेलो. १८३९ पासून चालत आलेली शर्यत, २,११२ मीटरचा सरळ मार्ग, एका वेळी दोनच होड्या. तिथल्या लिअँडर क्लबचं चिन्ह गुलाबी पाणघोडा. क्लब १८१८ चा आणि पाणघोडा सगळीकडे, टोपीवर, मोज्यांवर. सुंदर आहे, पण पाणघोडा कुणाच्या पायाशी येऊन बसत नाही. बर्कशायरच्या बाजूच्या काठावरून चालताना मला बघायला मिळाले ते क्लबाच्या रंगाचे रुमाल गळ्यात बांधलेले कुत्रे. एक म्हातारा ग्रेहाउंड गवतावर झोपला होता आणि त्याच्या मालकिणीने तिच्या क्रूची होडी येताना दिसली तसं त्याला हलकेच हलवून जागं केलं. होडी गेल्यावर तो पुन्हा झोपला. तिथेच भाचीने मला बॉबी पिअर्सची हकिकत सांगितली. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये या ऑस्ट्रेलियन वल्हेकऱ्याच्या वाटेत बदकांचं कुटुंब आलं, त्याने होडी थांबवून त्यांना जाऊ दिलं, तरी ती फेरी जिंकली आणि पुढे सुवर्णपदकही. कुत्र्यांची नसली तरी मला ती याच गोष्टींच्या माळेतली वाटते.

मला मग सिअॅटल आठवलं. अमेरिकेतल्या त्या शहरात काही वर्षांपूर्वी गेले होते. वॉशिंग्टन विद्यापीठाचे खेळाडू १९२२ पासून हस्की म्हणून ओळखले जातात आणि त्यांचा जिवंत हस्की कुत्रा सामन्यांना मैदानावर येतो. याच विद्यापीठाच्या आठ जणांनी आणि त्यांच्या कॉक्सने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. अमेरिका, इटली, जर्मनी, तिन्ही होड्या एका सेकंदात पोचल्या. त्या होडीचं नाव ‘हस्की क्लिपर’. देवदाराची, जॉर्ज पोकॉक यांच्या हातची. विद्यापीठाच्या बोटहाउसमध्ये ती अजून वर टांगलेली आहे. पोकॉक मूळचे थेम्सकाठचेच, किंग्स्टनमध्ये जन्मलेले, हे मला पटनीला कळलं. अमेरिकेतल्याच येल विद्यापीठाचा बुलडॉग ‘हँडसम डॅन’ तर त्याहून जुना. १८८९ मध्ये तो पाळला अँड्र्यू ग्रेव्ह्ज या विद्यार्थ्याने, आणि हा विद्यार्थी फुटबॉल खेळायचा तशी वल्हीही मारायचा. पुढे सगळ्या विद्यापीठाचा झालेला तो कुत्रा आधी एका वल्हेकऱ्याचा होता, याचा मला फार आनंद झाला.

शेवटच्या सकाळी मी पुन्हा टिलीशेजारी बसले. गमबूट आधीच वर सरकवून ठेवले होते, तरी ती त्यांच्यातच. होडी जाऊन तास झाला होता. नदी वळणापर्यंत रिकामी, करड्या रंगाची. मला काही ऐकू येत नव्हतं. टिली झोपेत असावी असं वाटत होतं, एवढ्यात तिचा एक कान उभा राहिला, मग दुसरा. मागचे पाय जरा जड झालेत तिचे, तरी ती उठली. मी वळणाकडे बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग एक काडीएवढी रेष, रेषेची होडी झाली, आठ पाठी एकदम वाकल्या, एकदम सरळ झाल्या. तिसरी पाठ भाचीची. ओली वेणी तेवढी ओळखू आली.

मी हाक मारली नाही. होडी किनाऱ्याला लागली, कॉक्स म्हणाली, “टिली आली आहे,” आणि आठही जणींनी मान वळवली. टिली पाण्यात पोटापर्यंत उतरली होती. तोंडात भाचीचा डावा बूट होता.