सई कुठे करायची?

भाचीच्या बारशाला कानात कुर्र करून नाव सांगितलं, सई, आणि आमची आजी म्हणाली, "आता ही कुठे करायची?" कारण तिच्या तोंडी सही म्हणजे सईच, पेन्शनला बँकेत जायचं तर ती "सई करायला" जाते, त्या ह ला तिने आयुष्यात कधी भाव दिला नाही.

मग मी लगेच शहाणपणा केलाच. म्हटलं आजी, सई म्हणजे सखी, मैत्रीण. संस्कृतातल्या सखीची प्राकृतात सही झाली (ख, घ चा ह करायची प्राकृतला सवयच, मेघाचा मेह तसाच) आणि मराठीत येता येता तो ह पण गळाला. आणि तुझी ती कागदावरची सही अरबीतून आलीय, सहीह म्हणजे बरोबर, खरं. म्हणजे बघा, दोघींचं नातं ना गोतं, पण एक कधीकाळी सही होती ती सई झाली आणि दुसरी आजीच्या तोंडात रोज सई होते!

लोकांना वाटतं ही आत्ताची फॅशन, सई, ओवी, जुई, रेवा, दोन अक्षरांत काम तमाम. पण शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाईच ना, फलटणच्या निंबाळकरांच्या. १६५९ ला राजगडावर वारल्या, शंभूराजे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. दिग्दर्शिका सई परांजपे १९३८ च्या. आणि ओव्यांमधे तर जात्यावर बसणारी प्रत्येक बाई कुणाची तरी सई असायचीच. आता मात्र सोसायटीच्या बागेत एक हाक मारली की दोन फ्रॉक वळून बघतात, आमच्या वेळी वर्गात तीन अश्विनी असायच्या तसंच.

खरी पंचाईत इंग्रजी स्पेलिंगची. एस ए आय लिहिलं की वाचणारा साई म्हणतो, म्हणून कुणी शेवटी एक ई जास्तीचा लावतं, कुणी मधे वाय घालतं. आमच्या ताईने साधंच ठेवलं, तर लसीकरणाच्या कार्डावर पोरीच्या नावापुढे मुलगा अशी टिक! बदलून घ्यायला दोन फेऱ्या.

परवा आजी पासबुक पिशवीत टाकत म्हणाली, "चला, सई करून येते." तर ही अडीच वर्षांची बाई चपला उलट्यापालट्या घालून दारात हजर, "मी पण येते!"