रंग निळाच, पण ऊर्जा पोहोचत नाही

स्पिरुलिनाचा अर्क गर्द निळा उतरला की काम झालं असं वाटतं. नुसतं रंगद्रव्य हवं असेल तर झालंच. प्रकाश पकडून पुढे पोहोचवणारी अख्खी यंत्रणा पाहायची असेल, तर मात्र या अर्कात ती मोडलेली असते.

स्पिरुलिना काटेकोर बोलायचं तर जिवाणू, व्यवहारात नीलहरित शैवाल. लोणारच्या अल्कधर्मी पाण्यातही ते वाढतं. त्याचं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, मधला पिवळा-नारिंगी पट्टा निसटतो. तो पकडायला पेशीतल्या पटलांवर फायकोबिलिसोम, म्हणजे रंगीत प्रथिनांचे गुच्छ, बसलेले असतात. मध्यभागी अ‍ॅलोफायकोसायनिनचा गाभा आणि त्यातून पंख्यासारख्या निघालेल्या फायकोसायनिनच्या दांड्या; दोन्ही निळी प्रथिनंच. दांडी म्हणजे साधारण ११ नॅनोमीटर व्यासाच्या चकत्यांची चळत.

प्रकाश शोषतात ते प्रथिनाला पक्के जोडलेले बिलिन रेणू. मोकळं बिलिन वेडंवाकडं वळतं आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेत घालवतं. प्रथिन त्याला ताणून धरतं. म्हणूनच अर्क ५० अंशांच्या वर तापला की प्रथिन सैल पडतं आणि निळा रंग फिका होत जातो.

फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, अ‍ॅलोफायकोसायनिन ६५० ला, गाभ्यातले शेवटचे बिलिन त्याहून पुढे, आणि मग ऊर्जा हरितद्रव्याकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा कमी होते, म्हणून ती उलटी फिरत नाही. दोन बिलिनांमध्ये प्रकाशाची देवाणघेवाण नसते, अनुनादानेच, म्हणजे एकाच्या कंपनाने शेजारचा डोलावा तशी, ऊर्जा सरकते. या पद्धतीत वेग अंतराच्या सहाव्या घातानुसार घटतो: अंतर दुप्पट झालं की वेग ६४ पटींनी कमी. चकत्या जराशा सुटल्या तरी साखळी तुटते ती यामुळे.

साध्या अर्कासाठी १ ग्रॅम भुकटी, ०.१ मोलर फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) २५ मिली, सामू ७. रात्रभर अंधारात फ्रिजमध्ये ठेवून सेंट्रिफ्यूज करा. वरचं द्रव पातळ करून ६१५ आणि ६५२ ला शोषण मोजा. ६५२ च्या आकड्याला ०.४७४ ने गुणून तो ६१५ मधून वजा करा, ५.३४ ने भागा; मिलीमागे किती मिलिग्रॅम फायकोसायनिन ते कळतं. ४० पट पातळ केल्यावर ०.६० आणि ०.१५ आले, तर मूळ अर्कात मिलीमागे सुमारे ४ मिलिग्रॅम, २५ मिलीत सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे भुकटीच्या जवळपास १० टक्के. द्रव गढूळ असेल तर आकडे फसवतात, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. ६२० चा आकडा २८० च्या (जिथे सगळीच प्रथिनं शोषतात) आकड्याच्या निदान ०.७ पट असेल तर रंग खाद्य दर्जाचा धरतात.

अखंड फायकोबिलिसोमसाठी वाळलेली भुकटी चालत नाही. जिवंत पेशी घ्या, बफर ०.७५ मोलर फॉस्फेटचं ठेवा, पेशी फोडून २ टक्के ट्रायटन एक्स-१०० (पटलं विरघळवणारं साबणासारखं द्रव्य) घाला आणि सगळं काम २० अंशांच्या आसपास करा. प्रथिनांवर काम करणाऱ्यांचा हात आपसूक बर्फाकडे जातो, आणि तिथेच नमुना वाया जातो. चकत्यांना धरून ठेवणारी पकड पाण्यापासून अंग चोरणाऱ्या भागांची असते. दाट फॉस्फेटमध्ये ती घट्ट होते, थंडीत ढिली पडते.

पेशीही निरोगी हव्यात. नायट्रेट संपलं की शैवाल स्वतःचे फायकोबिलिसोम मोडून त्यातला नायट्रोजन वापरतं आणि टाकी पिवळट हिरवी दिसू लागते. स्पिरुलिना वाढवायच्या नेहमीच्या द्रावणात, झारूकच्या माध्यमात, सोडियम नायट्रेट लिटरला २.५ ग्रॅम असतं. पिवळेपणा दिसला की आधी तेच तपासा.

फायकोबिलिसोम अखंड आहेत का हे पाहायला शेवटी फ्लुरोमीटर (नमुन्यातून परत बाहेर पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लागतोच, डोळ्यांना फरक कळत नाही. ५८० नॅनोमीटरचा प्रकाश टाका. अखंड नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं शिखर ६७० च्या आसपास येतं. त्याच नमुन्यात दहापट पाणी घालून थोडा वेळ थांबा: रंग निळाच राहतो, शिखर मात्र ६५० कडे सरकतं, कारण ऊर्जा आता फायकोसायनिनपाशीच अडते आणि तिथूनच बाहेर पडते.