मे महिन्यातला आमचा अभ्यास

मुलं घरीच शिकतात म्हटल्यावर मे महिन्यात लोक हमखास विचारतात, "मग तुम्हाला सुट्टी असते का?" असते. वह्या-पुस्तकं कपाटात जातात. पोरांचं कुतूहल मात्र सुट्टीवर जात नाही, आणि मला तेवढं पुरतं.

पुण्यात साधारण १३-१४ मेला शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर उभट डबा ठेवला की त्याची सावली बुडाखाली गडप होते. धाकटा डब्याभोवती फिरून ती शोधत राहिला. थोरलीने विचारलं, "आई, बरोबर बाराला का नाही?" मग नकाशा काढला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, पुणे ७४ अंशांच्या जरा अलीकडे, आणि एका अंशाला चार मिनिटं. तिने स्वतःच गणित मांडलं. उत्तर आलं पस्तीस मिनिटं, सूर्य डोक्यावर आला बारा एकतीसला! उरलेल्या चार मिनिटांचं कोडं कागदावर लिहून फ्रीजला लावलंय. उत्तर मी सांगणार नाही, तिचं तिला शोधू दे.

सकाळी आजीच्या हाताखाली कुरडया. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजताना घट्ट का होतो, हा धाकट्याचा प्रश्न. आजी म्हणाली, "आधी घोटून बघ."

काही नातेवाईकांना दहावीची काळजी वाटते. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाची दहावी चौदाव्या वर्षापासून देता येते. थोरली अकराची आहे. सध्या ती पाऊस मोजायला सरळ बाजूंची बाटली शोधतेय.