अर्ध्या खरवडलेल्या तारेची मोटर

आज भाचीसोबत घरी विजेची साधी मोटर तयार केली. इनॅमलचा (वीज अडवणाऱ्या लेपाचा) थर असलेली तांब्याची तार आणि चकतीच्या आकाराचे चुंबक सकाळीच पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणले होते, १.५ व्होल्टचा जाड सेल आणि दोन सेफ्टी पिना घरातच होत्या.

तारेचे वेटोळे करून त्याची दोन टोके सेलला जोडलेल्या पिनांवर टेकवायची आणि चुंबक वेटोळ्याजवळ ठेवायचा. या मोटरीचे सारे मर्म तारेच्या या दोन टोकांत आहे. एका टोकावरील इनॅमल पूर्ण खरवडायचे, दुसऱ्यावरील मात्र केवळ अर्ध्या बाजूचे. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्या दोन बाजूंवर परस्परविरुद्ध दिशांना बल लागते आणि ते वळते. परंतु अर्ध्या फेऱ्यानंतरही वीज तशीच वाहत राहिली, तर तेच बल त्याला मागे ओढते आणि वेटोळे नुसते डुलत राहते. न खरवडलेली बाजू पिनेवर येताच वीज खंडित होते, उरलेला अर्धा फेरा जडत्वामुळे पूर्ण होतो आणि पुन्हा धक्का मिळतो. सेलसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या मोठ्या मोटरींत कम्युटेटर हा फिरता भाग वीज खंडित करण्याऐवजी दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातील तिची दिशा उलटवतो. (वेटोळे थांबलेले असताना सेल जोडून ठेवू नये, तो तापतो.)

मायकेल फॅरेडे यांनी १८२१ मध्ये पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली होती. हे भाचीला सांगत असतानाच तिने चुंबक उलटा ठेवला, वेटोळ्याला विरुद्ध बाजूने हलकी टिचकी दिली आणि ते उलट दिशेने फिरू लागले. न सांगता तिने केलेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.