खेड्यातला स्टँडअप : भोंगे, तुडतुडे आणि मुक्कामी गाडी

नागपूर-अमरावतीच्या सभागृहात रंगलेला तासाभराचा प्रयोग दर्यापूर नाहीतर लाखांदूरकडच्या गावात आपटला, की कलाकार आधी विनोद बदलायला घेतो. वरून ‘गावच्या लोकांना कळलंच नाही’ असंही म्हणून मोकळा होतो. लोकांना सगळं कळतं. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमणे मारणाऱ्या तुकबंद्या, ऐकत मोठी झालेली माणसं आहेत ती. सावकारापासून सरकारपर्यंत कोणाचीही चार ओळींत उतरवायची सवय गावाला आपल्या आधीपासून आहे. कीर्तनकार सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवत तासन् तास हसवतात, तेही अशाच मैदानांत. आपटतो तो बहुतेक वेळा आवाज, उजेड आणि टाइम.

आवाजापासून सुरू करू, कारण निम्मं गणित तिथंच बिघडतं. गावात साउंडवाल्याकडे सहसा आहुजाचं मशीन, दोन स्पीकर आणि झाडाला नाहीतर खांबाला बांधलेले भोंगे असतात. भोंगा दवंडीसाठी उत्तम. पण तो मधला, टोकदार आवाजच फेकतो. म्हातारबाबाचा खर्जातला आवाज काढून केलेली नक्कल, हळूच पुटपुटलेला टोमणा, हे त्यातून जातच नाही. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. स्टेजपासून 70 मीटरवर भोंगा असला, तर आपलंच वाक्य आपल्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा परत ऐकू येतं. नेमकी एवढ्याच उशिराने जीभ सर्वांत जास्त अडखळते. गायकाला ढोलकी सांभाळून नेते, बोलणाऱ्याला कोणी नाही. म्हणून लांबचे भोंगे कार्यक्रमापुरते बंद करायला सांगा. मंडळ कुरकुर करतं, कारण त्यांना तीन गल्ल्यांपलीकडे आवाज जायला हवा असतो. सत्कार आणि भाषणं भोंग्यावर होऊ द्या, तुमचा नंबर आला की फक्त समोरचे दोन स्पीकर.

ते स्पीकर तुमच्या पुढे हवेत, पाठीशी नकोत. पाठीशी असले की माइक स्वतःचाच आवाज पुन्हा गिळतो आणि शिट्टी मारतो. माइकची जाळी मुठीत धरली तरी तेच होतं. तोंडापासून दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा, आणि हसताना माइक खाली नेऊ नका.

मग ‘इको’. आदल्या रात्री त्याच मशीनवर ऑर्केस्ट्रा झालेला असतो आणि इकोचं बटण अर्ध्याच्या वर असतं. गाण्याला ते शोभतं. इथं मात्र शेवटच्या शब्दाची शेपटी पुढच्या वाक्यावर पडते आणि ज्या शब्दावर हशा यायचा तोच चिखलात जातो. साउंडवाल्याला ‘आवाज बरोबर करा’ म्हणून उपयोग नाही. ‘इको शून्य करा, बेस थोडा कमी करा’ असं नेमकं सांगा. तपासणी ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणून करू नका, हळू आवाजात एक सलग किस्सा सांगा आणि मंडळाच्या एका पोट्ट्याला शेवटच्या रांगेच्या जागी उभं करा. त्याने शेवटचा शब्द जसाच्या तसा परत सांगितला, तर साउंड ठीक.

पिशवीत स्वतःचा वायरचा एक माइक, 10 मीटर केबल आणि एक्सएलआरवरून (माइकच्या तीन काट्यांच्या जोडावरून) मोठ्या पिनवर जाणारा जोड ठेवा, कारण जुन्या मशीनला पिनच लागते. कॉर्डलेस माइक मंडळाचा असेल तर सेल नवे टाका. सत्काराच्या वेळी पाहुण्यांनी तो तासभर वापरलेला असतो आणि तुमच्या दहाव्या मिनिटाला तो मान टाकतो.

जनरेटरवर कार्यक्रम असेल तर आणखी एक काम. अर्थिंग नसलं की माइकच्या धातूत करंट उतरतो आणि ओठ लागताच झिणझिण्या येतात. आधी टेस्टर लावून बघा. दिवा लागला, तर अर्थिंग करून घेईपर्यंत वायरच्या माइकला हात लावू नका, कॉर्डलेस घ्या. याबाबत भिडस्तपणा नको.

उजेडाचा घोळ वेगळाच. स्टेजवर दोन हॅलोजन डोळ्यांत आणि समोर मिट्ट काळोख, ही सभागृहाची नक्कल मैदानात चालत नाही. उघड्यावर हसण्याचा आवाज वर उडून जातो. छत नाही, भिंती नाहीत, त्यामुळे दोनशे माणसं हसली तरी स्टेजवर वीस हसल्यासारखं वाटतं. कलाकार घाबरतो, वेग वाढवतो आणि लोकांचं हसू पुढच्या वाक्याखाली चेंगरतो. इथं कानाने नाही, डोळ्याने थांबायचं असतं. खांदे हलताहेत का, बायका पदर तोंडाला लावताहेत का, मागे मोटारसायकलवर बसलेले एकमेकांकडे बघताहेत का, ते बघा. त्यासाठी प्रेक्षकांवर दोन ट्यूबलाइट चालू हव्यात. लोकांनाही एकमेकांचे चेहरे दिसले की हसायला धीर येतो, विशेषतः सासू जवळ बसलेली असेल तर.

सतरंजीवर पुढे लहान पोरं बसतात. ती कशालाही हसतात आणि पंधराव्या मिनिटाला उठून पळतात. त्यांना पाहून कार्यक्रम करू नका. नजर चौथ्या-पाचव्या रांगेवर ठेवा. मोठी माणसं तिथून सुरू होतात.

पूर्वेकडे, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, दिवाळीच्या आगेमागे प्रकाशावर तुडतुडे येतात. हिरवे, बारीक, आणि इतके की तोंड उघडायची सोय नाही. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे ते जास्त धावतात, पिवळ्याकडे कमी. म्हणून स्टेजला पिवळे दिवे मागा, आणि तीस-चाळीस फुटांवर, प्रेक्षकांपासूनही लांब, बांबूला एक प्रखर पांढरा बल्ब लावून अर्धा तास आधी पेटवा. बांधीतला (धानाच्या शेतातला) प्रकाश सापळा ज्यांनी लावलाय त्यांना हे समजवावं लागत नाही, दोन मिनिटांत बांबू उभा होतो.

याच पट्ट्यात मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा, हंगाम असतो. मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे याच पूर्वेकडच्या भागाचं, नाटक पहाटेपर्यंत चालतं, कंपन्या वडशाहून येतात आणि त्यांच्या नाटकात विनोदी पात्र पक्कं मुरलेलं असतं. त्या रात्री त्यांच्याशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. दुपारची वेळ मागा, नाहीतर दुसरा दिवस.

बाकी ठिकाणी घड्याळ पोलिसांचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त 15 ठरावीक दिवशी 12 पर्यंत सूट देता येते. आपला दिवस त्यात आहे का, हे तारीख घेतानाच विचारा. पत्रिकेवर ‘ठीक 7 वाजता’ छापलेलं असतं, पण कापूस वेचून आलेल्या बाया स्वयंपाक उरकून साडेआठला बसतात. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’वाली चार भाषणं. तुमच्या हातात माइक येतो सव्वानऊला. म्हणून तासाचा कार्यक्रम सलग बांधू नका. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे करा. पहिला आणि शेवटचा पक्का, मधले काढता येण्याजोगे. यात चूक होते ती एकच: शेवटच्या तुकड्यात मधल्या एखाद्या पात्राचा उल्लेख असतो. मधला काढला की शेवटचा हशा आपोआप मरतो. शेवट फक्त पहिल्या तुकड्यावर उभा करा.

मजकुराबद्दल थोडंच. दुपारी चारपर्यंत गावात पोचा आणि चहाच्या टपरीवर बसा. मुख्य पीक काय आणि भाव काय, कोणता रस्ता उखडलेला आहे, एसटी किती वाजता येत नाही आणि कोणत्या दोन गटांचं वाजलेलं आहे, एवढं मिळालं की पुरे. शेवटची माहिती वापरायला नाही, टाळायला. संत्र्याच्या आंबिया बहारावरचा किस्सा संत्र्याच्या वरूडला डोक्यावर घेतील, गोंदियात त्याला तोंड वासून बघतील. बोली आपली असेल तीच बोला. वऱ्हाडी माणसाने वऱ्हाडीत बोललेलं झाडीत खुशाल चालतं, पण त्याने झाडीबोलीची नक्कल केली की लोकांना ती चेष्टा वाटते आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कर्जमाफीचे फॉर्म, बँकेच्या चकरा, विम्याचे पंचनामे यांवर मनसोक्त हसवा. शेतकऱ्याच्या आत्महत्येजवळही जाऊ नका. समोर कोणाचं घर बसलंय, आपल्याला माहीत नसतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पिण्याचं पाणी सोबत न्या. तिथलं भूजल खारट असतं, आणि बोलायच्या आधी घशाला तसलं पाणी नको. जेवण कार्यक्रमानंतर. रोडगे-वांग्याची पंगत आधी झाली, तर पुढचा तास ढेकर आवरण्यात जातो.

पैशाचं सरळ ठेवा. तारीख घेताना अर्धा इसार (आगाऊ रक्कम), उरलेले स्टेजवर चढण्याआधी, प्रवासखर्च वेगळा. नंतर खजिनदार सापडत नाही. तो वाईट नसतो, मांडववाला आणि जनरेटरवाला आधीच त्याच्या मागे लागलेले असतात.

परतीचं काय? रात्री दहानंतर एसटी नसते. ऑक्टोबरात मोटारसायकलने निघालात, तर डांबरी रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन असतं. त्यावर ब्रेक दाबला की गाडी घसरते, वर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात. मुक्काम करा. अनेक गावांत रात्री मुक्कामी गाडी येते आणि पहाटे तीच तालुक्याला परत जाते. रात्रीच कंडक्टरला भेटून निघायची वेळ विचारा. पुढचा प्रयोग यवतमाळकडे असेल तर धामणगाव स्टेशन, गडचिरोलीकडे असेल तर वडसा, तिथून पुढे पुन्हा एसटी. भंडाऱ्याला रेल्वेने जाणार असाल, तर भंडारा रोड स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे. ऑटोचा वेळ धरूनच पुढच्या मंडळाला पोचायची वेळ कळवा.