तुम्ही विचारलंत म्हणून: फुग्याला सांगाडा कशाला?

झेपेलिनचा, म्हणजे आत सांगाडा असलेल्या जुन्या जर्मन वायुनौकांचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. तरंगायचं हायड्रोजनच्या जोरावर, म्हणजे जितकं हलकं तितकं बरं. मग आत धातूचा एवढा सांगाडा कोंबायचाच कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. बिनसांगाड्याच्या वायुनौकेचा आकार टिकतो तो आतल्या वायूच्या दाबावर. दाब उतरला की पोट सैल पडतं, वेग घेतला की नाक आत दबतं. लहान नौकेत हे निभतं. पण इंजिनं, इंधन आणि माणसं घेऊन लांब जायचं, तर एक घनमीटर हायड्रोजन उचलतो जेमतेम किलोभर. म्हणजे नौका अवाढव्यच हवी, आणि तेवढा डोलारा नुसत्या कापडाच्या ताणावर सावरत नाही.

काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांनी आकार सांभाळायचं काम वायूकडून काढून घेतलं. अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या, त्यांना जोडणाऱ्या लांबच लांब पट्ट्या, वरून कापड आणि वायू आत वेगवेगळ्या पिशव्यांमध्ये. त्यांच्या पहिल्या नौकेत, ‘एलझेड १’मध्ये, अशा १७ पिशव्या होत्या. एक गळली तरी बाकीच्या धरून ठेवणार! त्याआधी १८९७ मध्ये डाविड श्वार्त्झ यांची अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची नौका बर्लिनमध्ये उडाली होती, पण उतरताना मोडली. ती पाहायला श्वार्त्झ हयात नव्हते.

‘एलझेड १’ २ जुलै १९०० रोजी दक्षिण जर्मनीच्या सीमेवरच्या बोडनसे सरोवरावर उडाली. लांबी १२८ मीटर आणि इंजिनं दोन, प्रत्येकी साधारण १४ अश्वशक्तीची. तोल साधायला खाली एक सरकतं वजन टांगलेलं होतं. ते सरकवणारी यंत्रणाच तुटली आणि सुमारे १८ मिनिटांत नौका पाण्यावर उतरवावी लागली. मला मात्र या सगळ्यात काउंटची शेड, म्हणजे नौका ठेवायची जागा, फार आवडते. ती पाण्यावर तरंगती होती, वाऱ्याबरोबर आपोआप फिरायची. त्यामुळे नौका बाहेर काढताना आडवा वारा लागत नसे.

कारण सांगाड्याचा खरा वैरी जमिनीवरच होता. ५ ऑगस्ट १९०८ रोजी जर्मनीतल्या एख्टरडिंगेनला काउंटची नंतरची नौका ‘एलझेड ४’ दुरुस्तीसाठी बांधून ठेवली होती. वादळानं ती उपटली, भडका उडाला आणि सगळं जळून गेलं. काउंट तेव्हा सत्तरीचे. लोकांनी आपणहून साठ लाखांहून जास्त मार्क गोळा करून त्यांच्या हाती दिले, आणि त्यातूनच त्यांची वायुनौका बांधणारी कंपनी उभी राहिली. हा भाग सांगताना मला दर वेळी भरून येतं.

सांगाड्यानं काय दिलं, ते पाहायचं तर २८ जून १९१० घ्या. पत्रकारांना घेऊन निघालेली झेपेलिन नौका ‘डॉइचलांड’ वादळात सापडली आणि टॉयटोबुर्गच्या जंगलात झाडांवर जाऊन अडकली. नौकेचा चुराडा झाला, पण आतले प्रवासी शिडीवरून खाली उतरले. एकही दगावला नाही.